बोली लाखाची, तक्रार पस्तीस हजारांची

लक्ष्मीपूजनाच्या पाटावर आमच्या झाडीपट्टीत नवी केरसुणी, धानाच्या लोंब्या आणि चोपडी यांच्या जोडीला एक डबी येते. तिच्यात राणीछाप रुपया असतो, पंचम जॉर्जचा एखादा असतो, भोकाचा पैसा असतो. २०११ च्या जूनअखेर चलनातून गेलेले चार आणे असतात. अलीकडे त्यांत २०१२ साली निघालेल्या वैष्णोदेवीच्या नाण्यांची भर पडली आहे. हळदकुंकू वाहून झालं, भाऊबीज उरकली, मंडईच्या जत्रांचे दिवस सुरू झाले की डबी परत पेटीत जाते. आजोबांच्या काळापासून हे असंच चालत आलं आहे.

गेल्या काही वर्षांत मात्र डबी पेटीत जाण्याआधी घरातलं कोणी तरी तिचा फोटो काढतं. फोन रोज विचारत असतो ना, तुमच्याकडे ट्रॅक्टरवाली पाच रुपयांची नोट आहे का? ७८६ आकड्याची नोट आहे का? वैष्णोदेवीचं नाणं आहे का? ऑनलाइन लिलावात टाका, लाखो मिळवा. खाली व्हॉट्सॲपचा नंबर.

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या साकोलीत हलका धान दिवाळीच्या आगेमागे निघतो आणि खरेदी केंद्रावरचे चुकारे यायला पुढे बराच वेळ लागतो. मधल्या काळात हात रिकामा असतो, उधारी थकलेली असते. जाहिरात नेमकी तेव्हाच येते असं मी म्हणणार नाही, ती बाराही महिने येते. पण या दिवसांत ती वाचली जाते.

रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी एक निवेदन काढलं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत काही जण बँकेचं नाव आणि बोधचिन्ह वापरून लोकांकडून शुल्क, कमिशन, कर मागत आहेत. बँक असा कोणताही व्यवहार करत नाही, असलं शुल्क कधी मागत नाही आणि तसा अधिकार तिने कोणाला दिलेलाही नाही. देशाच्या मध्यवर्ती बँकेला हे जाहीरपणे सांगावं लागलं, यावरून हा धंदा केवढा पसरला होता ते कळतं. त्याच वर्षी बंगळुरूतल्या एका शिक्षिकेने १९४७ चा एक रुपया विकायला काढला. एक कोटीची बोली आली आणि कर भरता भरता त्यांच्याच खात्यातून लाखभर रुपये गेले. शिकलेल्या, शहरातल्या, पगारदार बाई. तेव्हा ‘खेड्यातली माणसं भोळी’ हे पालुपद इथे लावू नये.

हे घडतं कसं ते जवळून बघण्यासाठी एक माणूस मनानेच उभा करू. सानगडीकडचा चार-पाच एकर धानाचा शेतकरी, पन्नाशीचा. आकडे माझ्या मनचे आहेत, पायऱ्या मात्र सगळीकडे याच असतात.

तो ट्रॅक्टरवाल्या नोटेचा फोटो पाठवतो. दोन मिनिटांत फोन येतो. पलीकडचा माणूस हिंदीत बोलतो आणि ‘सर’ म्हणतो. आमच्याकडे तहसीलपासून बँकेपर्यंत कुठेही शेतकऱ्याला ‘सर’ म्हणत नाहीत, हे इथे नोंदवून ठेवतो. नोट लिलावात ठेवली आहे, मुंबईच्या पार्टीने साडेचार लाखांची बोली लावली आहे, असं तो सांगतो. स्क्रीनशॉट येतो. त्यात बोल्या चढताना दिसतात. आता फक्त विक्रेता म्हणून नोंदणी करायची, ११५० रुपये. ते भरले की ओळखपत्र येतं, त्यावर यानेच पाठवलेला फोटो चिकटवलेला. मग जीएसटी ६८०० रुपये. मग रिझर्व्ह बँकेचं ना-हरकत पत्र, १२,५०० रुपये.

ते पत्र व्हॉट्सॲपवर येतं. वर वाघ आणि ताडाचं झाड. मध्ये गोल शिक्का, खाली बारकोड. सही गव्हर्नरची, भाषा इंग्रजी, रक्कम अक्षरांत आणि अंकांत दोन्हीकडे आणि दोन्हीकडे वेगळी. ईमेलचा पत्ता जीमेलचा. शेतकऱ्याला यातलं बरंचसं वाचता येत नाही. पण शिक्का कळतो. सातबाऱ्यावर, जातीच्या दाखल्यावर, पीककर्जाच्या कागदावर आयुष्यभर तोच तर बघितला. शेवटी टीडीएस, १५,००० रुपये, ‘हा पैसा परत मिळेल सर, तुमच्याच नावावर जमा राहील.’ एकूण ३५,४५०. यानंतर फोन बंद होईलच असं नाही. कधी कधी तिकडून दुसरा माणूस फोन करतो, मी पोलीस आहे, तुम्ही सरकारी चलनाचा बेकायदा व्यवहार केला आहे, केस दाबायची तर अमुक लागतील. म्हणजे एकाच नोटेवर दुसरं पीक.

विचारण्यासारखा प्रश्न हा की पहिले ११५० रुपये त्याने दिलेच का. लोभ, असं उत्तर देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला ते पुरत नाही. साकोलीच्या माणसाला लिलाव नवा नाही. तलावांच्या या जिल्ह्यात मासेमारीसाठी तलावाचा लिलाव होतो, ग्रामपंचायतीच्या बोडीचा होतो, तेंदूपत्त्याच्या घटकांचा होतो. चुलबंद-वैनगंगेच्या रेतीघाटांचा ई-लिलाव तर वर्तमानपत्रांचा नेहमीचा मजकूर. मधल्या काळात सरकारने डेपोतून स्वस्त रेती देण्याचा प्रयोग केला, २०२५ च्या धोरणात पुन्हा लिलावावर आलं. हप्ते थकलेला ट्रॅक्टर वित्त कंपनी ओढून नेते, त्याचाही लिलाव होतो. या सगळ्या लिलावांत एक गोष्ट समान आहे. बोली लावण्याआधी पैसे भरावे लागतात. अनामत, नोंदणी फी, डिजिटल सही, निविदा शुल्क. लिलाव म्हटलं की आधी भरणा, ही इथल्या माणसाची अनुभवाने पक्की झालेली समजूत आहे, आणि ती चुकीचीही नाही.

फरक एवढाच की अनामत विकत घेणाऱ्याने भरायची असते. विकणाऱ्याने नाही. भामटा या दोघांची अदलाबदल करतो आणि ती लक्षात येत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक लिलावांत विकणारं सरकार असतं किंवा बँक. साधा माणूस लिलावात विक्रेता म्हणून उभाच राहिलेला नसतो. विक्रेत्याचे नियम त्याला ठाऊक असणार कुठून?

नाण्यांचे खरे लिलाव मुंबईत, बंगळुरूत, अहमदाबादेत नियमाने होतात, आता ते ऑनलाइनही असतात. नाणं आधी प्रत्यक्ष पाहिलं जातं. टांकसाळ, वर्ष, वजन, झीज यांची नोंद होऊन यादी छापली जाते, अंदाजे किंमत दिली जाते. विकलं गेलं की लिलावदार आपलं कमिशन आलेल्या रकमेतून कापतो आणि उरलेले पैसे विक्रेत्याला देतो. फोटोवर साडेचार लाखांची बोली लावणारा संग्राहक या जगात नाही. दुर्मीळ म्हणजे काय, हेही समजून घेण्यासारखं आहे. १९११ साली निघालेल्या पंचम जॉर्जच्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारने तो रुपया मागे घेऊन वितळवला, म्हणून आज उरलेल्या नाण्याला भाव आहे. १९३९ चा सहाव्या जॉर्जचा रुपया तसाच दुर्मीळ. ट्रॅक्टरवाली पाचची नोट मात्र कैक वर्षं अमाप छापली गेली आणि आजही कायदेशीर चलन आहे. तिची किंमत पाच रुपये. राणीछाप रुपयात निदान चांदी तरी आहे.

याला जोडून एक सांगायला हवं. आपल्या जिल्ह्यातलं पवनी हे सातवाहनांच्याही आधीचं गाव, १९६९-७० मध्ये तिथल्या जगन्नाथ टेकडीवर उत्खनन होऊन बौद्ध स्तूप उजेडात आला. अशा मुलखात शेत नांगरताना जुनं नाणं निघणं अशक्य नाही. ते निघालं तर १८७८ च्या निखात निधी कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. भामट्याला हे पक्कं माहीत असतं. ‘जमिनीत सापडलं का?’ हा त्याचा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण धमकीची तयारी तिथूनच सुरू होते.

पैसे गेल्यानंतर काय होतं, तिथे या विषयाचा खरा गाभा आहे.

पहिला दरवाजा घरचा. तिथे काय ऐकावं लागतं ते लिहायची गरज नाही. त्या धास्तीनेच कित्येक जण घरी सांगत नाहीत, आणि सांगितलं नाही म्हणून तक्रारही करत नाहीत. फसवणाऱ्याचा अर्धा बचाव फसलेल्याची लाज परस्पर करून टाकते.

दुसरा दरवाजा बँकेचा. बँक विचारते, पिन कोणी टाकला? तुम्हीच ना? रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला चांगलं संरक्षण देतं, पण ते त्याच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांना. स्वतःच्या हाताने पाठवलेले पैसे त्यात बसवणं अवघड. कायद्याने बँक खोटं बोलत नाही. पण ज्या खात्यात पैसे गेले तेही कुठल्या तरी बँकेचंच असतं, कोणाचे तरी कागद तपासूनच उघडलेलं. त्या खात्याच्या बँकेला काउंटरवर कोणी काही विचारत नाही. ही खाती बहुधा भाड्याची असतात. मजुराच्या, विद्यार्थ्याच्या नावावर उघडलेली, पासबुक आणि सिमकार्डासकट दुसऱ्याच्या हवाली केलेली.

तिसरा दरवाजा पोलीस ठाण्याचा. इथे जरा सबुरीने लिहितो. मुंबई-कोलकाता राष्ट्रीय महामार्गावरच्या तालुक्याच्या ठाण्यात अपघात येतात, बंदोबस्त येतात, मंडईच्या मोसमात रात्र रात्र उभं राहावं लागतं. अशा ठाण्यात पस्तीस हजार गेलेला माणूस रडवेला होऊन उभा राहतो. गुन्हेगाराचं नाव नाही, गाव नाही. नंबर बिहारचा, खातं आसामचं, माणूस कदाचित हरियाणात. कायदा काय देतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ड, तोतयेगिरी करून संगणकाच्या साहाय्याने फसवणूक. शिक्षा तीन वर्षांपर्यंत, दंड एक लाखापर्यंत. गुन्हा दखलपात्र, पण त्याच कायद्याच्या ७७-ब प्रमाणे जामीनपात्र. आणि कलम ७८ म्हणतं, या कायद्याखालचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नाही. तालुक्याच्या ठाण्याला निरीक्षक साधारण एकच असतो, ठाण्याचा प्रमुख. त्याने खुनाचा तपास सोडून टीडीएसच्या नावाने गेलेल्या पंधरा हजारांमागे गुवाहाटी गाठावी, अशी व्यवस्थेची अपेक्षा आहे. ती पुरी होत नाही, यात नवल नाही. मग ‘भंडाऱ्याला सायबरला जा’ हे वाक्य येतं. साकोलीहून भंडारा चाळीसेक किलोमीटर. एसटीने जाऊन, रांगेत बसून, परत येऊन एक दिवस मोडतो. पैसा तोवर चार खात्यांतून फिरून एटीएममधून बाहेर पडलेला असतो.

भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), म्हणजे जुनं ४२०, यात सात वर्षांची शिक्षा आहे, तेही लागतं. तेव्हा कायदा नाही असं कोणी म्हणू नये. कायदा आहे, पण एकेका माणसाचं नुकसान त्याला हलवण्याएवढं जड नाही.

आणि भामट्यांनी नेमकं हेच हेरलं आहे. २०२३ च्या एप्रिलअखेर हरियाणा पोलिसांनी नूह जिल्ह्यातल्या चौदा गावांवर एका रात्रीत छापे घातले. पाच हजार पोलीस होते. पुढे तपासात सांगितलं गेलं ते असं: देशभरातले सुमारे २८ हजार लोक फसलेले, रक्कम सुमारे शंभर कोटी. साधा भागाकार करा. माणशी पस्तीस-छत्तीस हजार. मघाच्या आपल्या शेतकऱ्याचा आकडा मी मुद्दामच त्याच्या जवळपास बेतला होता. पस्तीस हजार ही रक्कम घरात रडायला पुरेशी आहे, ठाण्यात मात्र तिचं कोणाला फारसं वाटत नाही. शंभर कोटींचा दरोडा २८ हजार तुकड्यांत वाटला की प्रत्येक ठाण्याला एक तुकडा दिसतो, दरोडा कोणालाच दिसत नाही.

बाहेरच्या जगात हा गुन्हा कसा हाताळला गेला, ते पाहिलं म्हणजे आपली तुलना नीट होते. अमेरिकेत १९९५ साली ईबे सुरू झालं आणि पाठोपाठ फसवणूकही. २००० च्या मे महिन्यात सॅक्रामेंटोच्या केनेथ वॉल्टन नावाच्या वकिलाने एक चित्र पंचवीस सेंटपासून लिलावात लावलं. घरातलं जुनं चित्र आहे, फारसं कळत नाही, असा भाबडा आव आणला. कोपऱ्यात आद्याक्षरं अशी की ते रिचर्ड डीबेनकॉर्न या नामवंत चित्रकाराचं वाटावं. बोली चढत चढत १,३५,८०५ डॉलरवर गेली. चढवणाऱ्यांत तो स्वतः आणि त्याचे साथीदारच होते, खोट्या नावांनी. ईबेने विक्री रद्द केली, एफबीआय मागे लागली, वॉल्टनने २००१ मध्ये गुन्हा कबूल केला आणि वकिली गेली. आपल्या बाजारात अडत्याचीच माणसं खोटी बोली लावून भाव फुगवतात, त्यातलाच प्रकार. तिकडे मात्र त्याला केंद्रीय गुन्ह्याचं वजन मिळालं.

त्याच मे महिन्यात एफबीआयने इंटरनेट फसवणुकीच्या तक्रारींचं केंद्र उघडलं. २००४ मध्ये तिथून पुढे पाठवलेल्या तक्रारींपैकी सुमारे ७१ टक्के तक्रारी ऑनलाइन लिलावाच्या होत्या. हा आकडा कळला, कारण लिलाव-फसवणूक असा वेगळा रकाना होता. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या तक्त्यांत असा रकाना सापडत नाही. नाण्याचा खोटा लिलाव, ओढून आणलेल्या ट्रॅक्टरचा खोटा लिलाव, फौजीची बुलेट, सगळं ‘फसवणूक’ या एका पोत्यात.

फौजीच्या बुलेटची गोष्ट तर दोन्हीकडे शब्दशः सारखी निघते. आपल्याकडे ती अशी: मी लष्करात आहे, बदली झाली, गाडी स्वस्तात काढायची आहे, कँटीनचं कार्ड बघा, वाहतुकीचे पैसे आधी पाठवा. रुमानियातल्या अलेक्झांड्रिया शहरातली एक टोळी अमेरिकी गिऱ्हाइकांना हेच सांगत होती. लिलावाच्या संकेतस्थळांवर नसलेल्या मोटारी टाकायच्या आणि विकणारा सैनिक आहे, मोहिमेवर निघाला आहे म्हणायचं. किमान ९०० अमेरिकी माणसं फसली. २८ हजारांच्या तुलनेत हे काहीच नाही. तरीही केंटकीच्या सरकारी वकिलांनी त्यांना माफियांसाठी केलेल्या संघटित गुन्हेगारीच्या कायद्याखाली आणलं, रुमानियातून माणसं उचलून आणली, आणि त्यांचा पैसा बिटकॉइनमधून फिरवून देणाऱ्या बल्गेरियन दलालाला २०२१ च्या जानेवारीत दहा वर्षांची कैद झाली. मोटारीच्या खोट्या जाहिरातीला माफियाचा कायदा, हे वाचून आपल्याला जरा अति वाटतं. मला वाटलं होतं. पण नऊशे तक्रारी एका ठिकाणी आणून ठेवल्या, तर तो माफियाच असतो.

आपल्याकडेही आता तशी सोय आहे. न्याय संहितेच्या कलम १११ मध्ये, संघटित गुन्हेगारीच्या व्याख्येत, सायबर गुन्ह्यांचा उल्लेख स्पष्ट शब्दांत आहे. शिक्षा किमान पाच वर्षं, जन्मठेपेपर्यंत. अट अशी की टोळीवर मागच्या दहा वर्षांत एकाहून अधिक आरोपपत्रं दाखल झालेली असावीत. आणि तिथेच घोडं पेंड खातं. पस्तीस हजारांचे गुन्हे दाखलच झाले नाहीत तर आरोपपत्रं कुठून येणार?

दाखल किती होतात? केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर तक्रार पोर्टलवर २०२३ मध्ये जवळजवळ १५ लाख ९६ हजार तक्रारी नोंदल्या गेल्या. त्याच वर्षी देशात सायबर गुन्हे नोंदले गेले ८६,४२०. हे दोन आकडे थेट भागायचे नसतात हे मला मान्य आहे. एका गुन्ह्यात अनेक तक्रारी गुंफलेल्या असू शकतात, काही तक्रारी फुटकळही असतात. तरी शंभरात पाच-सहा हे प्रमाण काही तरी सांगतंच. २०२५ च्या मे महिन्यात केंद्राने एक चांगली सोय आणली, पोर्टलवरची किंवा १९३० या हेल्पलाइनवरची तक्रार आपोआप एफआयआर व्हावी अशी. सुरुवातीला प्रयोग दिल्लीपुरता होता, आणि दहा लाखांच्या वरच्या नुकसानीसाठी. दहा लाख! आपल्या शेतकऱ्याला त्या रांगेत उभं राहायचं तर त्याच्याजवळ आधी तेवढे असायला हवे होते.

काहीच झालं नाही असं मात्र नाही, आणि तसं लिहिणं अप्रामाणिकपणाचं होईल. २०२१ मध्ये सुरू झालेली, आता १९३० या नंबराची हेल्पलाइन खरोखर कामाची आहे. तक्रार लगेच गेली, तर पैसा ज्या खात्यात असेल तिथे अडवला जातो. २०२५ च्या जुलैपर्यंत १७.८२ लाख तक्रारींत ५,४८९ कोटींहून अधिक रुपये असे वाचले, असं सरकारने संसदेत सांगितलं. दुसरा आकडाही त्याच सुमारास तिथलाच: एकट्या २०२४ मध्ये गेलेले २२,८४५ कोटी. महाराष्ट्र सायबरचा १९४५ हा नंबरही आहे. ‘पैसे मागण्याची’ विनंती पाठवून पिन टाकायला लावण्याची युक्ती फार माजली होती, म्हणून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून माणसामाणसांतली ती सोयच बंद केली. उशिरा झालं, पण ठाम झालं. या एका निर्णयाने जेवढं काम होईल तेवढं शंभर जनजागृती फलकांनी होणार नाही. फलक लोकांना शहाणं करायला निघतात, हा निर्णय भामट्याचं हत्यारच काढून घेतो.

फसवणुकीचं गांभीर्य कोणाला वाटतं, याचं आणखी एक उदाहरण आपल्याच देशात होऊन गेलं. २००० साली मुंबईत बाझी डॉट कॉम हे लिलावाचं संकेतस्थळ सुरू झालं, २००४ मध्ये ईबेने ते घेतलं. पुढे त्यावर पैसापे नावाची पद्धत आली. गिऱ्हाइकाने भरलेला पैसा मध्येच थांबायचा आणि माल पोचल्याचा भरवसा झाल्यावर विक्रेत्याला मिळायचा. अनोळखी माणसाकडून वस्तू मागवण्याचं धाडस त्यातून आलं. कंपनीला लोकांचा कळवळा होता असं नाही. विश्वास गेला तर बाजारच उठेल, हे तिला कळत होतं. २०१८ च्या ऑगस्टमध्ये ईबे इंडिया बंद झालं. आज समाजमाध्यमांवर खरेदी-विक्रीच्या जाहिरातींचा पूर वाहतो, पण तिथल्या बहुतेक व्यवहारांत पैसा थांबवून धरणारं मध्ये कोणी नाही. जाहिरात दाखवण्याचे पैसे कंपनीला मिळतात, फसवणुकीचा भार तिच्यावर येत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ ची ढाल तिच्याजवळ आहे. मी फक्त मध्यस्थ, टाकलं कोणी ते मला ठाऊक नाही. पैसे घेऊन छापलेल्या जाहिरातीलाही हीच ढाल लागू राहावी का, हा प्रश्न आता खरोखर विचारायला हवा. वर्तमानपत्र छोटी जाहिरातसुद्धा नाव-पत्ता घेतल्याशिवाय छापत नाही.

साकोलीत राहून काय करता येतं, तर तेही सांगतो. पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३० फिरवायचा. एसटी पकडायची ती नंतर. व्यवहाराचा बारा अंकी संदर्भ क्रमांक हाताशी ठेवायचा. स्क्रीनशॉट, नंबर, ते वाघाचं पत्र, काहीच पुसायचं नाही. लाजेपोटी लोक गप्पा आधी पुसतात आणि पुरावा तिथेच जातो. अडवलेला पैसा परत मिळवायचा, तर त्यासाठीही तक्रारीची नोंद हवी. फसवणूक ओळख असलेल्या खरेदी-विक्री संकेतस्थळावर झाली असेल, तर भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने ती आपण राहतो तिथे करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही.

फोन चालू असेपर्यंत एक परीक्षाही घेता येते. ‘तुमचं कमिशन, तुमचा जीएसटी, तुमचा टीडीएस, सगळं माझ्या साडेचार लाखांतून कापून घ्या आणि उरलेले पाठवा,’ एवढंच म्हणायचं. खऱ्या लिलावदाराला यात वावगं काही वाटणार नाही, तो तेच करत असतो.

ठाण्यात ‘ही हद्द आमची नाही’ असं उत्तर मिळालं, तर १ जुलै २०२४ पासून ते कायद्यात बसत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती घ्यावी लागते. इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत सही करायची. नोंदीची प्रत फुकट मिळते. तरीही घेतली नाही, तर त्याच कलमाच्या चौथ्या पोटकलमाने सगळी हकीकत लिहून टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते, आणि तिथूनही काही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, तेव्हा स्पीड पोस्टच करा. पोच जपून ठेवा, आणि अर्जात रक्कम लिहिताना ‘फक्त’ हा शब्द घालू नका.